नाव कमी करण्याचे कारण

१२ ऑगस्ट

आज शाळेचा ताबा घेतला. जुडग्यात चाव्या चौदा आणि शाळेत कुलपं नऊ. उरलेल्या पाच कशाच्या हे कुणाला सांगता येईना. मावशी म्हणाली, राहू द्या, काढल्या तर जुडगा हाताला हलका लागेल. मावशी म्हणजे इथली शिपाई. घंटा, पाणी, झाडलोट आणि गावभरच्या बातम्या, सगळं तिच्याकडे.

मुलींची सरकारी शाळा, पाचवी ते आठवी. चार वर्ग आणि मला धरून तिघी शिक्षिका. इमारत पूर्वी धान्याचं कोठार होती. खिडक्या इतक्या उंच की बाहेरच्याला आतलं दिसत नाही आणि आतलीला बाहेरचं. त्या काळी लोकांनी मुली पाठवल्या त्या म्हणे या खिडक्यांमुळेच. आवाज मात्र फार घुमतो. मी ऑफिसात खोकले, तर सातवीच्या रिकाम्या वर्गात कुणीतरी खोकल्यासारखं वाटलं.

माझ्या आधीच्या मुख्याध्यापिकांना सगळे नुसतं 'मोठ्या बाई' म्हणतात. बावीस वर्षं होत्या, मे महिन्यात निवृत्त झाल्या. टेबलाच्या खणात त्यांनी माझ्यासाठी चिठ्ठी ठेवली आहे. 'पट एकाहत्तर. सांभाळा.' खाली सही. बस्स.

घरी ताईनं भांडी लावूनही टाकली होती. माझी कुठेही बदली झाली की माझ्याआधी तीच बांधाबांध सुरू करते. जेवताना तिचा ठरलेला प्रश्न आलाच, आज काय शिकवलंस? म्हटलं, आज काही नाही, आज चाव्या मोजल्या. तिचा चेहरा जरा उतरला.

१४ ऑगस्ट

पट एकाहत्तर, पण बाकांवर मुली बावन्न. दोन दिवस मोजतेय. हजेरीपटावर मात्र सगळ्यांच्या नावापुढे 'ह'. हजर. रोज. महिनोन्महिने. एकोणीस मुली कधी आजारी पडत नाहीत, कधी कुणाकडे पाहुण्या जात नाहीत. बावन्न जणींत आजार, पाहुणे, रुसवे, सगळं आहे.

शिवण शिकवणाऱ्या बाईंना विचारलं. त्या शिवणाबरोबर भाषाही शिकवतात आणि इथल्या सगळ्यात जुन्या. त्या म्हणाल्या, तुम्ही नवीन आहात, कळेल. मग सुईत दोरा ओवत बसल्या.

१९ ऑगस्ट

सातवीचा वर्ग मी घेतला आहे. हजेरी नंबरानं होते. मी नंबर पुकारते, मुलगी 'हजर' म्हणते. गैरहजर मुलीच्या वेळी वर्ग गप्प असतो. आज 'अकरा' म्हटलं आणि मागून बारीक आवाजात आलं, हजर बाई. वर पाहिलं. अकरा नंबरची जागा तिसऱ्या बाकावर, भिंतीकडची. रिकामी.

कोण बोललं विचारलं. कुणी बोलेना. थट्टा वाटली. अख्ख्या वर्गाला तासभर उभं केलं. एकीनंही तोंड उघडलं नाही, आणि एकही हसली नाही. हेच मला खटकतंय. थट्टा असती तर कुणीतरी हसलं असतं.

२ सप्टेंबर

वरच्या कार्यालयाचं पत्र. साठपेक्षा कमी पट असलेल्या शाळा शेजारच्या शाळेत विलीन करायच्या. आपल्या शेजारी रस्त्यापलीकडे मुलांची शाळा. मार्चमध्ये साहेब येऊन मुली प्रत्यक्ष मोजणार. त्याआधी पाठवायचं ते असं : पटसंख्या, इमारतीची अवस्था, आणि शाळेचा संक्षिप्त इतिहास, दीड पानात.

म्हणजे 'सांभाळा' याचा अर्थ हा.

मला खोटं चालत नाही. हे मी कौतुकानं लिहीत नाही, माझा स्वभावच चिकट आहे. चुकीची बेरीज दिसली तर मला जेवण जात नाही. एकोणीस नावं उद्याच कमी करावीत असं वाटलं. मग वाटलं, आधी या एकोणीस जणी आहेत कुठे, ते तरी बघू.

७ सप्टेंबर

दीड पानांसाठी कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या. पहिल्या बाईंची रोजवही आहे, पंच्याहत्तर वर्षांपूर्वीची. अक्षर मोत्यासारखं, मजकूर कोरडा. 'आज मुली तीन. अंकगणित.' 'आज मुली शून्य. घंटा वेळेवर दिली.' पुढे पट सोळापर्यंत चढला. मग तापाची साथ आली आणि एकाच महिन्यात सात नावं तांबड्या शाईनं कमी झाली. प्रत्येकीपुढे 'नाव कमी करण्याचे कारण' या रकान्यात एकच शब्द सात वेळा. मृत्यू. शेवटच्या नावाखाली एक ओळ : 'राहिल्या नऊ. उद्यापासून घरोघर जाते.'

तेव्हा साठाचा नियम नव्हता, हे बरं.

ऑफिसात एकटीच होते. वही मिटली तेव्हा पलीकडे बाक सरकल्याचा आवाज आला. मावशी झाडत असेल म्हणून पाहायला गेले. मावशी फाटकापाशी होती.

२१ सप्टेंबर

रोज शाळा सुटल्यावर दोन-तीन पत्ते. पाय दुखतात. अकरा घरांतून मुली कायमच्या गेल्या आहेत. कुणाच्या वडिलांचं काम दुसऱ्या गावाला, दोघी दुसऱ्या शाळेत, एकीचं लग्न झालंय, तिची आई माझ्याकडे न पाहताच बोलली.

सात जणी इथेच आहेत. घरीच. सातही घरांत एकच चित्र : आई-वडील कामावर, आणि मुलीच्या कडेवर धाकटं भावंड. एका दारात सातवीची नऊ नंबर उभी होती, गवंड्याची मुलगी. मला पाहून तिनं कडेवरचा भाऊ पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला. दीड वर्षाचं ढब्बू पोर ते, लपतंय कसलं.

अठरा झाल्या. राहिली एक. अकरा नंबर.

२३ सप्टेंबर

दाराला कुलूप. शेजारीण भांडी घासत होती. म्हणाली, आई दवाखान्याच्या धुलाईघरात असते, संध्याकाळी येते, काय काम आहे. मी म्हटलं, मुलगी शाळेत येत नाही, शाळेतून आलेय.

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "बाई, ती पोरगी गेली. पाचवीत असताना. दोन वर्षं होत आली की."

घरी कशी आले आठवत नाही. पटावर ती सातवीत आहे. पाचवी पास, सहावी पास. काल मान वर न करता माझ्याच हातानं मी तिच्यापुढे 'ह' लिहिलाय, कारण कुणीतरी हजर म्हटलं होतं.

ताईला सांगितलं. तिनं विचारलं, हुशार होती का? हा काय प्रश्न झाला?

२४ सप्टेंबर

अकरा म्हटलं. हजर बाई. आवाज आज वेगळा होता, जरा घोगरा. पेन खाली ठेवलं आणि मुलींना म्हटलं, मला काल कळलंय. ओरडणार नाही. कोण बोलतं?

उंच मुलगी उठली, जिला सगळ्या 'शिडी' म्हणतात. "आम्ही आळीपाळीनं म्हणतो बाई. मोठ्या बाई तिचा नंबर घ्यायच्या आणि मग थांबायच्या. त्या थांबल्या की वर्गात कसंतरीच व्हायचं. म्हणून मग आम्ही म्हणायला लागलो."

सांगितलं होतं का कुणी? नाही. पाचवीपासून चाललंय. सातवीतली प्रत्येक मुलगी महिन्यातून दोन वेळा मेलेली मैत्रीण होते.

मी त्यांना बसा म्हटलं आणि भूगोल शिकवला. कुठला, विचारू नये.

२८ सप्टेंबर

मोठ्या बाईंकडे गेले. गावाच्या टोकाला भाचीकडे राहतात. डोळ्यांना आता फक्त उजेड कळतो. माझा आवाज ऐकून आधी विचारलं, पट किती?

मी अकरा नंबरचं काढलं. त्यांनी सांगितलं. मुलगी जानेवारीत तापानं गेली, चार दिवसांत. नाव कमी करायला घेतलं आणि हात होईना. असं करता करता एप्रिल आला. निकालाची प्रगतिपुस्तकं सगळ्यांची लिहिली त्यात तिचंही लिहिलं गेलं, पटावर होती ना. निकालाच्या दिवशी पाहतात तर तिची आई पालकांच्या रांगेत उभी. नंबर आला तसा तिनं हात पुढे केला.

"तुम्ही काय केलं असतं?" त्यांनी मला विचारलं. "त्या हातावर काय ठेवलं असतं?"

दुसऱ्या वर्षी त्यांनी मावशीकरवी निरोप धाडला, निकाल आहे म्हणून. न बोलावलं तर तिला वाटेल, आपल्या मुलीला शाळा विसरली. आई आली, पुस्तक घेतलं, पालकाच्या रकान्यात सही केली आणि गेली. मी विचारलं, हे दयेपोटी की पटापोटी? त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आधी दयाच होती, मग साठाचा नियम येणार असं ऐकू आलं, त्यानंतरचं माझं मलाही वेगळं करता येत नाही.

निघताना म्हणाल्या, त्या आईचं ते एवढंच आहे. काढून घेऊ नका.

५ ऑक्टोबर

आज 'ह' लिहिला.

६ ऑक्टोबर

आजही.

११ ऑक्टोबर

सात जणींसाठी एक विचार डोक्यात आलाय. भावंडांमुळे येत नाहीत, तर भावंडांसकट येऊ देत. शिवणाच्या बाई म्हणाल्या, शाळा चालवायची आहे की पाळणाघर? आणि पोरं बघणार कोण?

घरी सहज बोलले, तर ताई म्हणाली, मी बघते. एवढं पटकन, जणू ती या प्रश्नाची वाटच पाहत होती. मला बरंच वाटलं. दिवसभर घरात एकटी कंटाळते, तिचाही वेळ जाईल. आणि पोरं सांभाळण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. आई माझ्या जन्मानंतर महिन्याभरात गेली. मला ताईनंच वाढवलं.

३ नोव्हेंबर

सातही आल्या. व्हरांड्यात सतरंजीवर नऊ पोरं आणि मधे ताई. गवंड्याच्या ढब्बूनं पहिल्याच दिवशी दोन खडू खाल्ले, तेव्हापासून तो 'खडूखाऊ'. रडारड सुरू झाली की कोठारात ती तिप्पट होऊन घुमते. तरी नऊ नंबर आज तिच्या बाकावर बसली होती, आणि तास संपल्यावर उठायचं विसरली.

गेलेल्या अकरा नावांपुढे कारण लिहून ती कमी केली. स्थलांतर. अन्य शाळा. विवाह. हा शब्द लिहिताना पेन अडलं. ती चौदा वर्षांची आहे. ही कमी करण्याची नाही, वर कळवण्याची गोष्ट, असं वाटून वेगळं पत्र लिहिलं आणि पाठवलं. पुढे काही होईल असं वाटत नाही. तरी पाठवलं.

आता पट साठ. बरोब्बर साठ. त्यात एकोणसाठ मुली श्वास घेतात.

१८ नोव्हेंबर

ताईला बोलले. सातवीत अपूर्णांकांचं गणित घातलं होतं. कुणालाच येईना, आणि खडूखाऊच्या बहिणीनं एकदम बरोबर उत्तर दिलं. शाबास म्हटलं तर ती म्हणाली, मी नाही बाई, दारातून ताईंनी सांगितलं. ताई हल्ली पोरांना घेऊन वर्गाच्या दारापाशीच बसते. तिथे वारा येतो म्हणते. वारा तर फाटकाकडून येतो. मी म्हटलं, मुलींना उत्तरं पुरवू नकोस, त्यांचं त्यांना येऊ दे. ती ओशाळली. म्हणाली, तोंडातून निघून गेलं गं, चुकलं.

तिला अपूर्णांक येतात याचं मला नवल वाटलं. ती चौथीत होती तेव्हा शाळा सुटली. अभ्यासाचा कंटाळा होता, असं घरी सगळे सांगत. मी जन्मले त्याच वर्षीची गोष्ट, त्यामुळे मला काही आठवायचा प्रश्नच नाही.

९ डिसेंबर

दीड पान लिहून झालं. स्थापना, कोठार, साथ, वाढता पट, शिवणवर्ग, घटता पट. वाचलं तर कुठल्याही शाळेचा इतिहास वाटतो. पुन्हा लिहिलं. 'आज मुली शून्य, घंटा वेळेवर दिली' हे त्यात घातलं. मग काढलं. कार्यालयाला वाटेल, शाळा पहिल्यापासूनच रिकामी होती.

१५ जानेवारी

हजेरी घेताना आज अकराला हजर कोण म्हणालं ते ओळखायचं नाही असं ठरवलं होतं. तरी कान तिकडेच. नऊ नंबर म्हणाली. ती मध्ये वर्षभर शाळेत नव्हती, तरी आल्या आल्या तिनं आपली पाळी घेतली.

मला अलीकडे त्या मुलीचा चेहरा दिसायला लागलाय. मी तिला कधी पाहिलेलं नाही. तिचा एकही फोटो माझ्याकडे नाही. तरी तिसऱ्या बाकावर, भिंतीकडे, एक सातवीतली मुलगी बसलेली असते. पाचवीतली नाही, सातवीतली. उंची वाढलेली.

हे कुणाला सांगता येत नाही. म्हणून इथे.

२० फेब्रुवारी

महिन्याभरात साहेब येणार. काय करायचं ते मी तीनदा ठरवलं आणि तीनदा मोडलं. नाव कमी केलं तर एकोणसाठ, आणि शाळा जाईल. त्या सात जणी सगळ्यात आधी गळतील. नाही केलं तर मोजणीच्या दिवशी 'आजारी' असा शेरा एकीपुढे चालतो, शिवणाच्या बाई म्हणाल्या. एक शेरा. कुणी तपासायला जात नाही.

आणि ती आई? एप्रिलमध्ये ती रांगेत उभी राहील. तिला सांगायचं ते आधीच सांगायला हवं. उद्या दवाखान्यात जाते.

२१ फेब्रुवारी

दवाखान्याच्या मागचं अंगण. दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी, एकामागे एक, मधे चालायला गल्ल्या. ती शेवटच्या गल्लीत होती. लहानखुरी बाई, हात साबणानं पांढरेफटक. मी कोण ते सांगितलं. तिनं बसायला उपडी बादली दिली.

वाटेत जुळवून ठेवलेली वाक्यं म्हटली. तुमच्या मुलीचं नाव अजून पटावर आहे, मला ते कमी करावं लागेल, या वर्षी प्रगतिपुस्तक देता येणार नाही, तुम्हाला हे जड जाईल याची मला कल्पना आहे.

ती पिळत होती ती चादर तशीच हातात धरून थांबली. मग म्हणाली, "मग शाळेचं कसं होणार?"

मला आधी कळलंच नाही. ती सांगत गेली तसं कळलं. त्या पहिल्या एप्रिलमध्ये ती निकालाला आलीच नव्हती. मुलीची शाळेची पुस्तकं परत द्यायला आली होती. रांग होती म्हणून रांगेत उभी राहिली. नंबर आला तेव्हा तिनं हात पुढे केला तो पुस्तकं द्यायला. आणि मोठ्या बाईंनी त्या हातावर प्रगतिपुस्तक ठेवलं.

"मला वाटलं, यांना गरज आहे," ती म्हणाली. "पट कमी झाला तर शाळा बंद पडेल असं सगळे बोलत होते. माझ्या पोरीला शाळा फार आवडायची. म्हटलं, तिच्या नावानं शाळा राहत असेल तर राहू दे. दुसऱ्या वर्षी त्यांनी निरोप पाठवला. मग कसं नाही म्हणणार? मोठ्या बाईंचा शब्द."

त्या दुसऱ्या निकालाला तिनं अर्ध्या दिवसाची रजा काढली. इतर आयांच्या मधे उभी राहिली. कुणी काही विचारू नये म्हणून खाली बघत राहिली. पुस्तक घरी नेऊन कपड्यांखाली ठेवलं.

ती चादर पुन्हा पिळायला लागली. जरा वेळानं म्हणाली, "गणितात अठ्ठ्याहत्तर दिले होते बाई. माझ्या पोरीला गणित येत नव्हतं, ती रडायची गणिताला. ते पुस्तक वाचलं आणि वाटलं, ही दुसरीच कुणीतरी आहे. ती तिकडे शाळेत मोठी होतेय, आणि माझी पाचवीतच राहिली."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदा. "सोडा तिला आता."

२२ फेब्रुवारी

तांबडी शाई शाळेत नव्हती. बाजारातून आणली. मधल्या दोन वर्षांचे निकाल रद्द केले, कारण लिहिलं, सही केली. नाव कमी केलं, पाचवीतून, जानेवारीच्या त्या तारखेला. कारणाच्या रकान्यात एक शब्द.

मोठ्या बाईंना हे कळवायचं का, याचा दिवसभर विचार केला. नाही कळवणार. दोघींनी एकमेकींसाठी दोन वर्षं जे ओढलं, त्यातलं मोठ्या बाईंच्या वाटचं ओझं त्यांना दया म्हणूनच राहू दे. हा माझा खोटेपणाच आहे. जेवण मात्र गेलं.

सातवीला सांगितलं, उद्यापासून तिच्यासाठी कुणी बोलायचं नाही. शिडीनं विचारलं, तिच्या आईला चालेल का? म्हटलं, त्यांनीच सांगितलंय.

२३ फेब्रुवारी

दहा. बारा. मधे कुणी बोललं नाही. मीच थांबले.

१७ मार्च

साहेब आले. माणूस वाईट नाही. व्हरांड्यातली पोरं पाहून हसले, खडूखाऊच्या हातातून खडू काढून घेतला. चारही वर्गांत फिरून स्वतः मोजलं. एकोणसाठ. ऑफिसात चहा घेताना म्हणाले, एखादी आजारी असेल ना बाई, घरी असेल. माझं पेन उघडं आहे. साठ लिहू?

शिवणाच्या बाई माझ्याकडे बघत होत्या. दाराआड मावशी उभी होती, तिची सावली दिसत होती. मी म्हटलं, एकोणसाठ.

क्षणभर फार बरं वाटलं, आपण कोणीतरी असल्यासारखं. मग व्हरांड्यातून पोरांचा आवाज आला आणि त्या बरं वाटण्याची लाज वाटली. एक मेलेली मुलगी सोडवली आणि सात जित्या धोक्यात घातल्या. त्या आईनं दोन वर्षं जे शाळेसाठी सोसलं, ते मी एका शब्दात घालवलं. मी बरोबर केलं हे मला माहीत आहे. त्याचा उपयोग होत नाही.

२० एप्रिल

आदेश आला. जूनपासून रस्त्यापलीकडच्या शाळेत.

निकालाच्या दिवशी अकरा नंबरची आई आली नाही. मी रांग संपेपर्यंत दाराकडे बघत होते.

१५ जून

नव्या ठिकाणचा पहिला दिवस. ही शाळा दहावीपर्यंत आहे, त्यामुळे आठवी झालेल्याही धरून एकोणसाठपैकी एक्कावन्न रस्ता ओलांडून आल्या. मुलगे खिडक्यांतून वाकून बघत होते. इथे खिडक्या खाली आहेत. मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं, लहान पोरं शाळेत चालणार नाहीत. त्यांचंही खरं आहे.

न आलेल्या आठांत त्या सातही आहेत.

ताई म्हणाली, पोरं आपल्या घरी येऊ देत. दोन खोल्यांत नऊ पोरं? ती म्हणाली, मला जागा लागत नाही.

१९ जून

चार घरांना पटलं, चार मुली आल्या. आमच्या घरात पाऊल ठेवायला जागा नाही. माझा चष्मा कुणीतरी चाटून ठेवलाय.

गवंड्यानं मला दोनदा दारातून परत पाठवलं. भावाला कुणी सांभाळायचं हा प्रश्न आता नाही, मुलांच्या शाळेत मुलगी पाठवायची नाही, हा आहे. उद्या एकदा शेवटचं जाते. ताई म्हणाली, मी येते बरोबर. कशाला म्हटलं, तर म्हणाली, खडूखाऊला बघून येईन.

२० जून

दुपारी गेलो. पोरं तेवढा वेळ मावशीनं धरली.

गवंडी दारातच उभा राहिला. नऊ नंबर आतल्या खोलीत होती, पडद्याआड, खडूखाऊचं कुरकुरणं ऐकू येत होतं. मी नेहमीचं सगळं बोलले. तो जमिनीकडे बघत ऐकत होता, ऐकून घेतलं की बाई जातील अशा बेतानं. मी थांबले तशी ताई पुढे झाली. तिला परक्या माणसाशी बोलताना मी कधी पाहिलेलं नाही.

"मी दहा वर्षांची होते," ती म्हणाली. "आमच्याही दारात अशाच बाई आल्या होत्या, मला न्यायला. तीन वेळा आल्या. वडिलांनी आत घेतलं नाही. मी आतल्या खोलीत होते, हिला मांडीवर घेऊन."

हिला म्हणताना तिनं माझ्याकडे बोट केलं.

तिनं आणखी काही मागितलं नाही, समजावलं नाही. तशीच उभी राहिली. गवंडी कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होता. एवढी मोठी झालेली, केस पिकलेली, चष्मेवाली मी, आणि त्याला बहुधा मांडीवरचं पोर दिसत होतं. शेवटी तो आत वळून म्हणाला, उद्या जा. एवढंच. पडद्याआडून काही आवाज आला नाही.

परत येताना ताई माझ्यापुढे चालत होती, ती नेहमीच भरभर चालते. कोपऱ्यावर मी तिला गाठलं आणि विचारलं, कोण होत्या त्या बाई? तिला नाव आठवत नव्हतं. चेहराही नाही, तो दिसलाच नव्हता. पडद्याखालून पाय तेवढे दिसायचे. तपकिरी चपला, टाचेशी झिजलेल्या.

मी म्हटलं, घरी तर सगळे सांगायचे, तुला कंटाळा होता म्हणून.

ती म्हणाली, सांगायला सोपं पडतं ते.

किती वेळ थांबायच्या त्या, असं मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

"बराच वेळ. मला बाहेर येऊन सांगायचं असायचं, मी येते म्हणून," ताई म्हणाली. "पण मी उठले की तू रडायचीस."